पेटीला फुटलेलं नाक

मेणबत्ती विझली आणि सभागृहातल्या दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला.

फुंकर मारायला कोणी पुढे गेलं नव्हतं. खिडक्या बंद, पंखे बंद, सगळ्यांचे सदरे घामाने पाठीला चिकटलेले. लाकडी मंचावर दोन काळ्या पेट्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एक मेणबत्ती होती. डावीकडची ज्योत नुसती थरथरली. उजवीकडची मात्र फुस्सकन गेली, आणि त्या पेटीच्या पोटातून आवाज आला, "हूंऽऽ".

"आला! हुंकार आला!" पुढच्या रांगेतला शिंपी ओरडला. हुंकार ऐकल्यापासून आपलं शिलाई मशीन तेलावाचून चालतं, असं तो महिनाभर भेटेल त्याला सांगत होता.

पांढरा झगा घातलेले हुंकारबाबा मंद हसले. "मी काही लपवत नाही," ते म्हणाले. "दोन्ही पेट्या एका मापाच्या. दोन्हींत गाडीच्या डिकीत बसवतात तोच बारा इंची सबवूफर, खालच्या सुरांचा स्पीकर. डावी ही मौनी, उजवी ही प्राणिनी. दोघी माझ्यासमोर एकवीस दिवस उपाशी बसल्या."

"पेट्या?" मागच्या भिंतीशी उभे असलेले मिस्त्री पुटपुटले.

"गप्प बसा हो," त्यांच्या बायकोने कोपर मारलं.

"बाविसाव्या दिवशी डोळे उघडून बघतो तर काय? प्राणिनीला नाक फुटलेलं!" बाबांनी उजव्या पेटीच्या गोल भोकाभोवती हळुवार बोट फिरवलं. "आता नीट बघा. मौनीच्या स्पीकरचा पडदा कसा धडपडतोय! धडपड भरपूर, श्वास नाही. आणि प्राणिनीचा पडदा? जवळजवळ स्थिर. तरी ज्योत विझते! मोठमोठ्या शास्त्रज्ञांना विचारा, त्यांची बोलती बंद होईल."

विचारायला कोणी शास्त्रज्ञ तिथे नव्हता, त्यामुळे त्यांची बोलती आपोआपच बंद राहिली.

मग मिस्त्रींची लेक पुढे गेली. तिने आपल्या तीन वर्षांच्या मुलीला मंचावर, पेट्यांकडे पाठ करून बसवलं. ही पोर उभ्या जागी स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. भिंगरी कुठल्याच हाकेला कधी वळली नव्हती. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं होतं, दोन्ही कानांना यंत्रं लावायची, आधीच उशीर झालाय, आता दिवस घालवू नका. त्यासाठी नऊ दिवसांनंतरच्या मंगळवारची वेळही दिली होती.

बाबांनी डोळे मिटले. डावा हात वर, उजवा झग्याच्या खिशात. "हूंऽऽ".

भिंगरी फ्रॉकच्या बटणाशी खेळत होती. ती थांबली. मग बसल्या जागी पूर्ण वळली आणि पेटीकडे टक लावून बघत राहिली.

सभागृह दणाणलं. लेक मंचाच्या कडेला डोकं टेकून रडायला लागली. बाबा म्हणाले, "नाद आत शिरलाय, माई. आता सहा महिने कानाला यंत्र लावायचं नाही. लावलंत, तर आत आलेला नाद कोंडून मरेल." तेवढ्यात त्यांची नजर मागच्या भिंतीकडे गेली आणि आवाज आणखी चढला. "आणि भाग्य बघा! ज्यांच्या हातून या पेट्या घडल्या ते मिस्त्री इथेच आहेत, आणि पोर त्यांच्याच घरातली! पुढच्या रविवारी त्यांचा सत्कार!"

दीडशे तोंडं मागे वळली. एका आजोबांनी तर मिस्त्रींचा हात धरून स्वतःच्या गुडघ्यावरून फिरवून घेतला.

मिस्त्रींना आनंद झाला नाही. त्या "हूंऽऽ"मुळे त्यांच्या अंगावर काटा आला होता, पण त्याचं कारण वेगळं होतं. तो त्यांच्या हातून झालेल्या चुकीचा आवाज होता.

मिस्त्री गाड्यांमधल्या स्पीकरच्या पेट्या बनवत. तीस वर्षं तेच काम. पाच महिन्यांपूर्वी चकचकीत सदरा घातलेला एक गॉगलवाला कारखान्यात आला आणि सगळे विचारतात तेच त्याने विचारलं, "मिस्त्री, बंद पेटी बरी की भोकाची?"

मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं होतं. "बंद पेटीतली हवा पडद्याला आतून धरून ठेवते. आवाज थोडा, पण नेमका, सगळ्या सुरांना सारखा न्याय देणारा. डिकीत जागाही कमी खाते. भोकाच्या पेटीत आत नळी असते. ती तेवढ्याच ताकदीत दणका देते, पण तिचा एक लाडका सूर असतो. त्या सुरावर पडदा जवळजवळ उभा राहतो आणि सगळं काम नळीतली हवा करते. त्याच्याखाली नेलीत, की पडदा मोकाट सुटतो. तुम्ही ऐकता काय, त्यावर ठरवायचं."

"मला ऐकायचं नाहीये," गॉगलवाला म्हणाला. "दाखवायचंय. एक बंद करा, एक भोकाची. माप एकच. आणि हवा कुठल्या सुरावर सगळ्यात जास्त येते, तेवढं सांगा."

मिस्त्रींनी तीस हर्ट्झवर नळी जुळवून दिली. तीस म्हणजे इतका खालचा सूर, की हळू वाजवला तर कानाला पत्ताही लागत नाही. पण त्या दिवशी लाकडाची कड गोल करणाऱ्या राउटर यंत्राचं पातं तुटलं आणि भोकाची कड धारदारच राहिली. अशा कडेवर हवा आपटली की फुसफुसते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला, "पेटी परत आणा, साहेब. कड राहिलीये, आवाज करते." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "राहू द्या, मिस्त्री. छान आवाज करते."

आता गॉगल गेला होता, झगा आला होता, आणि एका तुटलेल्या पात्याला दीडशे माणसं हात जोडत होती.

घरी पोहोचल्यावर त्यांनी लेकीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. पण बाबांनी सांगितलंय, यंत्र लावायचं नाही."

"मी कधी सांगितलं?"

"तुम्ही नाही हो, बाबा. हुंकारबाबांनी."

"मला बाबा म्हणायला तुला दीड वर्ष लागलं होतं. त्यांना एका महिन्यात?"

"थट्टा करू नका." तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला पेटी कळते. मला माझी पोर कळते. तीन वर्षं तिच्यामागे टाळ्या वाजवतेय, ताटं आपटतेय, घसा फोडतेय. आज ती वळली, बाबा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

भिंगरी वळली होती, हे मिस्त्रींनीही बघितलं होतं. पेटी खोटी असेल, पण पोर काही बाबांनी पढवलेली नव्हती.

सोमवारी दुपारी त्यांनी कारखान्यात एका गिऱ्हाइकाची भोकाची पेटी लांब लाकडी फळीवर ठेवली. फळीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून स्वतः बसले, कानात कापूस, वर करवतीजवळ काम करताना लावायची जाड कानझाकणं. बायकोच्या हातात मोबाइल दिला. "तुझ्या मनात येईल तेव्हा सूर लाव. अगदी हळू. तुला स्वतःला ऐकू येईल इतकाही नको."

बायकोने दहा वेळा लावला. दहाही वेळा मिस्त्रींनी हात वर केला.

"अगं बाई!" बायको तोंडावर हात ठेवून म्हणाली. "तुम्हाला बुडाने ऐकू येतं!"

मग ते फळीवरून उठून फरशीवर, चार हात लांब जाऊन उभे राहिले. बायकोने पुन्हा दहा वेळा लावला. मिस्त्रींचा हात एकदाही वर गेला नाही. बायको मोबाइलकडे, मग फळीकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिली. काल सभागृहात सगळ्यांत जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या. "म्हणजे आपली भिंगरी..." एवढंच बोलून ती स्टुलावर बसली.

मिस्त्रींना कोडं उलगडलं, आणि उलगडलं नसतं तर बरं असंही वाटलं. बाबाला उघडं पाडायचं तर भर सभेत आपल्या नातीला ऐकू येत नाही, हे दाखवून द्यायचं. ते त्यांच्या जिवावर आलं होतं. आणि नाही दाखवलं तर मंगळवार जाणार.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फळीची गोष्ट सांगितली. "कारखान्यात चल. भिंगरीला कडेवर घे, मी पेटी लावतो. एकदा बघ फक्त."

"नको," ती म्हणाली. बराच वेळ ती भिंगरीच्या केसांतून कंगवा फिरवत राहिली. "आठवडाभर तरी मला जगू द्या ना, बाबा, तिला ऐकू येतं असं समजून."

मिस्त्रींनी पुढचे पाच दिवस तो विषय काढला नाही.

रविवारी दोनशे माणसं जमली. इस्त्रीचा सदरा घालून मिस्त्री मंचावर चढले. बाबांनी त्यांना फुलांचा गुच्छ दिला, आणि ज्या पवित्र हातांनी वगैरे वगैरे सांगून झाल्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं.

"मला भाषण येत नाही," मिस्त्री म्हणाले. "मी पेटीशीच बोलतो. बाबा, एकदा हुंकार होऊन जाऊ द्या."

ज्योत विझली, हूंऽऽ झालं, टाळ्या झाल्या. मिस्त्रींनी मेणबत्ती पुन्हा पेटवली. मग खिशातून जाड मोज्यांचा जोड काढला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि प्राणिनीच्या नाकात अंगठ्याने खोलवर कोंबली.

"आता करा."

बाबांचा हात खिशात गेला. ज्योत नुसती थरथरली. हात पुन्हा गेला. पुन्हा नुसती थरथर. इतके दिवस स्थिर असणारा पडदा आता शेजारणीसारखाच पुढेमागे धडपडत होता.

"बघा," मिस्त्री म्हणाले. "प्राणिनीची मौनी झाली. भोक बुजलं, की भोकाची पेटी बंद पेटी होते. एवढाच फरक आहे दोघींत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पायातला मोजा! दिव्य नासिकेत पायातला मोजा! देव रुसला!"

"धुतलेला आहे!" खालून मिस्त्रींची बायको ओरडली. "मी स्वतः धुतलाय!"

मिस्त्रींनी मोजा काढला. "आता?" ज्योत फुस्सकन विझली. "लगेच रुसवा गेला म्हणायचा."

आता मात्र निम्मं सभागृह हसलं. मिस्त्रींनी पेचकस काढून भोकाभोवतीचे चार स्क्रू सोडवले आणि आतून हातभर राखाडी नळी ओढून बाहेर काढली. घरोघरी सांडपाण्याला लावतात तीच. "हे नाक उपासाने फुटलेलं नाही. मी कापून पाडलंय. नळीतली हवा झोपाळ्यासारखी पुढेमागे होते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत गेलं की तो उंच जातो ना, तसंच. तो नेमका सूर मीच यांना सांगितला होता. ज्योत विझते ती त्या हवेने."

"आणि हुंकार?" शिंप्याने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

मिस्त्रींनी नळीची कड त्याच्यापुढे धरली. कडेच्या आत पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गोल करायची राहिली'. "हे माझं अक्षर. माझ्या कामचुकारपणाला तुम्ही महिनाभर नमस्कार करताय. मला लाज वाटते."

"मग सूर लावतं कोण?"

"त्यांच्या खिशातला मोबाइल."

शिंप्याचा चेहरा पडला. तो सावकाश उठला. "खिसा मीच शिवलाय," तो म्हणाला. "म्हणाले होते, उजवा जरा खोल करा, आणि वरून हात सहज जाईल असा."

बाबांनी खिशातला हात बाहेर काढला, पण आता फार उशीर झाला होता. इथून पुढे त्याला अहोजाहो करायचं काही कारण उरत नाही.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठली. तिच्या मांडीवर झोपलेलं मूल तसंच खांद्यावर घेऊन ती म्हणाली, "सगळं खरं. पण ती मुलगी वळली होती ना! ते काय मोबाइलने वळवलं?"

हसणं थांबलं. बाबाच्या तोंडावर पुन्हा रंग चढला. "हां! आता बोला, मिस्त्री!"

मिस्त्रींनी नळी जागेवर बसवली, स्क्रू पिळले. समोर पहिल्याच रांगेत लेक बसली होती. ती त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

लेक उठली. भिंगरीचा हात धरून मंचावर आली. पोरीला पेट्यांकडे पाठ करून पायांवर उभी केली, नाकाच्या समोरून बाजूला, वारा लागणार नाही अशी. आणि म्हणाली, "बाबा, लावा."

सवयीने बाबाचा हात खिशात गेला.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "माझे बाबा."

मिस्त्रींनी स्वतःच्या मोबाइलची वायर जोडली आणि सूर लावला. भिंगरी वळली. लोक कुजबुजले. लेकीने तिला फळ्यांवरून उचलून कडेवर घेतलं आणि मंचावरून उतरून खाली फरशीवर उभी राहिली. "पुन्हा लावा." हूंऽऽ असा आवाज सभागृहभर घुमला. भिंगरी आईच्या कानातल्या डुलाशी खेळत होती. खेळतच राहिली.

"मोठ्याने लावा."

खिडक्यांच्या काचा खडखडल्या. भिंगरीने डूल ओढला आणि स्वतःशीच हसली.

लेक पुन्हा वर गेली, तिला फळ्यांवर ठेवलं. वळली. उचलून खाली आणलं. नाही वळली. असं तिने तीनदा केलं. तिसऱ्या वेळी गालांवरून पाणी वाहत होतं.

"तिला ऐकू येत नाही," ती लोकांकडे वळून म्हणाली. "तिच्या तळपायांना कळतं. मला फार हवं होतं, म्हणून मला दिसलं. तुम्हालाही हवं होतं. त्यात आपला गुन्हा नाही. पण या माणसाने मला सहा महिने थांबायला सांगितलं होतं. माझी मुलगी बोलायला शिकायचे सहा महिने. तुमच्यापैकी कुणाला काय काय बंद करायला सांगितलंय यांनी? कुणाची गोळी? कुणाची तपासणी?"

खालून उत्तरं यायला लागली, आधी दबकत, मग भराभर. रक्तदाबाच्या गोळ्या. साखरेचं इंजेक्शन. मघाच्या बाईने खांद्यावरच्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं, झटक्यांचं औषध. हे ऐकल्यावर मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. शिंपी मंचाच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला, त्यामुळे बाबाला पोलीस येईपर्यंत थांबावं लागलं.

"घरी जा आणि आपापल्या डॉक्टरांना फोन करा," मिस्त्री म्हणाले. "आणि उद्या दुसरा कोणी आला, तर त्याचं भाषण ऐकत बसू नका. भोक बुजवून बघा, पोर उचलून बघा, खिसा बघू द्या म्हणा. खरं असेल तर तपासल्याने त्याचं काही बिघडत नाही. जो तपासू देत नाही, त्याच्या हातात आपलं माणूस देऊ नका."

मंगळवारी भिंगरीच्या दोन्ही कानांना यंत्रं बसली. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. भिंगरीने ती दोनदा उपटून फेकली आणि आईच्या हाताला चावली. लेकीने डॉक्टरीणबाईंना विचारलं, कधी ऐकू येईल? त्या म्हणाल्या, "आवाज आतापासूनच पोहोचतोय. त्याचा अर्थ लागायला वेळ लागेल. किती, ते मी आज सांगू शकत नाही. रोज बोलत राहा तिच्याशी." बाबाने एका रविवारात जे दिलं होतं, त्यापुढे हे फारच थोडं होतं.

लेक रोज बोलत राहिली. पंचविसाव्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती आणि भिंगरी बाहेरच्या खोलीत गादीवर ठोकळे रचत होती. लेकीने कामाच्या नादात, उत्तराची वाटही न बघता हाक मारली, "भिंगरे, जेवायला ये गं."

मिस्त्री समोरच्या खुर्चीत बसले होते. भिंगरीचा हात ठोकळ्यावर थांबला. तिने मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि कपाळाला बारीक आठी घातली, कोण बोलतंय हे शोधायला.

"अगं, पुन्हा हाक मार," मिस्त्री खुर्चीतून अर्धे उठत म्हणाले. "पुन्हा मार. ती ऐकतेय."